‘अरबकी’ला मराठीत काय म्हणावे?

बोरू : अफगाणिस्तानविषयीच्या एका अहवालाचे भाषांतर करताना ‘अरबकी’ या शब्दापाशी अडलो आहे. पक्तिया, खोस्त, पक्तिका या आग्नेयेकडील प्रांतांत जिर्ग्याने, म्हणजे जमातीच्या पंचायतीने, निवाडा दिला, की तो अमलात आणण्यासाठी जमातीतली कुटुंबे जे तरुण काही काळापुरते पाठवतात, ते अरबकी. परंपरेने ते बिनपगारी असतात आणि काम संपताच घरी परततात. मी ‘टोळीरक्षक’ लिहिले होते, ते खोडून संपादकांनी ‘खासगी सेना’ केले. जिर्ग्याला बांधील असलेल्या माणसांना खासगी कसे म्हणावे?

तळटीप : माझी हरकत ‘टोळी’लाच आहे. १९४७ साली काश्मीरवर चालून आलेल्या ‘टोळीवाल्यां’च्या हकिकती वडिलांकडून इतक्यांदा ऐकल्या आहेत, की या शब्दाबरोबर लुटालूटच डोळ्यांपुढे येते. ‘टोळीप्रमुख’ म्हटल्यावर तो मलिक, म्हणजे जमातीचा मुखिया, वाटत नाही, पोलिसांना हवा असलेला इसम वाटतो. ‘जमातीचे राखणदार’ लिहावे.

ओसरी : आमच्या कोकणात राखणदाराला वर्षाकाठी नारळ द्यावा लागतो, एवढे ध्यानात ठेवा! आणि मलिकाला सरळ ‘पाटील’ का म्हणू नये? सरकार आणि गाव यांच्यामधला माणूस तोच.

तळटीप : पाटलाकडे वतन होते. मलिकाचा मान बव्हंशी पाहुणचारावर, तंटे मिटवण्यावर आणि सरकारदरबारी लोकांची कामे करून देण्यावर टिकतो. युद्धाच्या काळात बंदुका आणि परदेशी कंत्राटांचा पैसा ज्यांच्या हाती आला, त्या कमांडरांनी अनेक ठिकाणी हा मान बळकावला, हा भेद ‘पाटील’ या शब्दात बुडून जाईल.

जुना वाचक : फारसी-तुर्की शब्दांना आपण उगाच बिचकतो. १९९०च्या दशकात कंदाहारच्या रस्त्यांवर साखळ्या लावून वाटसरूंकडून पैसे उकळणाऱ्यांना तिथे ‘तोपकियान’ म्हणत. ‘तोपक’ म्हणजे आपली तुपकच. ‘तुपकवाले’ म्हणा, कोणालाही कळेल.

बोरू : पण ते अरबकी नव्हेत. घोळ वाढण्याचे कारण असे, की २०१० साली गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत पगारी ‘अफगाण स्थानिक पोलीस’ उभे राहिले आणि उत्तरेतल्या कुंदुझ, बघलानकडचे लोक त्यांनाही अरबकीच म्हणू लागले, मात्र तिरस्काराने. शेतमालाचा दहावा हिस्सा, म्हणजे ‘उशर’, त्यांपैकी काही जण बंदुकीच्या धाकाने वसूल करत. २०२० मध्ये ते दल मोडीत निघाले. पक्तियात मानाचा असलेला शब्द कुंदुझमध्ये शिवी झाला. दोन्हीकडे मराठी शब्द एकच कसा चालेल?

ओसरी : उशर म्हणजे धर्माने सांगितलेला दशमांश, म्हणून तिथे ‘खंडणी’ लिहू नका.

तळटीप : धाकाने घेतली तर ती खंडणीच. धर्माचे नाव दिल्याने वसुली बदलत नाही. आपली चौथाई ज्यांनी भरली, त्यांना विचारायला हवे होते.

जुना वाचक : जाता जाता एक गंमत. अफगाण कचेऱ्यांत लाचेला आडून ‘शिरिनी’ म्हणतात. नवस फेडताना वाटतात ती आपली शिरणी तीच.

ओसरी : तीच कशी असेल? शिरणी काम झाल्यावर वाटतात.

बोरू : माझ्या मजकुरात ती काम होण्याआधी मागितली आहे. मग तिथे ‘शिरणी’ लिहू की ‘चहापाणी’?