अरुंधतीचा दुसरा संसार लेखकांनी असा का संपवला?

प्रश्न (त्रिमूर्तीनगर, नागपूर)

‘आई कुठे काय करते’ ही मालिका ३० नोव्हेंबर २०२४ रोजी संपली, तरी तिच्यातील एका निर्णयाविषयी आमच्या घरात अजून एकमत झालेले नाही, म्हणून तो प्रश्न येथे मांडते आहे. मार्च २०२४ मध्ये ही मालिका संध्याकाळी साडेसातच्या वेळेवरून दुपारी अडीचला नेण्यात आली आणि साधारण त्याच सुमारास नायिका अरुंधतीचा दुसरा नवरा आशुतोष केळकर या पात्राचा अपघाती मृत्यू दाखवण्यात आला. नागपुरात त्या दिवसांत दुपारी अडीच वाजता घराबाहेर पडण्याजोगे ऊन नसते. खिडक्या लावून, कूलरच्या ताट्यांमध्ये नवा वाळा भरून आम्ही दोघी, म्हणजे मी आणि माझ्या ८१ वर्षांच्या सासूबाई, टीव्हीपुढे बसत असू. मालिकेची वेळ बदलल्यापासून त्यांनी दुपारची झोपसुद्धा पुढे ढकलली होती. आशुतोषच्या मृत्यूचा भाग पाहिल्यावर मात्र त्यांनी रिमोट खाली ठेवला आणि म्हणाल्या, “बाईनं दुसऱ्यांदा घर मांडलं, तं ते मोडूनच दाखवा लागते का?”

त्यांचे हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. ज्या मालिकेने पंचविशी ओलांडलेल्या संसारातून बाहेर पडणारी, मोठ्या मुलांची आई असलेली स्त्री नायिका म्हणून उभी केली, अनिरुद्धपासून घटस्फोट घेताना तिची बाजू न डगमगता मांडली आणि तिच्या पुनर्विवाहासाठी प्रेक्षकांची मने तयार करायला वर्षाहून अधिक काळ घेतला, त्याच मालिकेने २०२३ च्या सुरुवातीला झालेले ते लग्न साधारण वर्षभरात संपवून टाकले. कथेत पात्रे मरतात, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. मला विचारायचे आहे ते इतकेच की असा प्रसंग कथेच्या गरजेतून आला की वेळापत्रकाच्या गरजेतून, हे प्रेक्षकाने कशावरून ओळखावे? आणि आशुतोषच्या बाबतीत आपल्याला काय वाटले?

उत्तर १ (महाल)

मी राज्य नाट्य स्पर्धेत अनेक वर्षे नागपूर केंद्रावरून नाटके केली आणि मधली काही वर्षे मुंबईत मालिकांसाठी संवाद लिहिणाऱ्यांच्या हाताखाली काम केले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

दैनंदिन मालिकेत लेखक नावाची एकच व्यक्ती नसते. कथा एक जण बांधतो, पटकथा दुसरा लिहितो आणि संवाद तिसरा. याच मालिकेची पटकथा नमिता वर्तक यांची आणि संवाद मुग्धा गोडबोले यांचे होते. मूळ बीज तर लीना गंगोपाध्याय यांच्या ‘श्रीमयी’ या बंगाली मालिकेतून आले, आणि त्याच बीजातून २०२० मध्ये हिंदीत ‘अनुपमा’ उभी राहिली. त्यात पुन्हा वाहिनीचा कथाविभाग असतो, निर्मात्यांचा क्रिएटिव्ह, म्हणजे कथेवर नजर ठेवणारा माणूस असतो, कलाकारांच्या तारखा असतात आणि दर गुरुवारी येणारे टीआरपीचे आकडे असतात. बँकेत, म्हणजे आधीच चित्रित करून ठेवलेल्या साठ्यात, चार-पाच भाग शिल्लक असले तर सगळे सुखात असतात. ते संपले की सकाळी लिहिलेला प्रसंग दुपारी चित्रित होतो. त्यामुळे ‘लेखकांनी असे का केले’ असे विचारताना आपण नेमके कोणाला विचारतो आहोत, हे आधी ध्यानात घ्यावे लागते. सेटवर ज्याच्या नावाने खडे फोडले जातात, त्या संवादलेखकाला तो मृत्यू अनेकदा ठरल्यानंतरच कळतो.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. मी एक साधी कसोटी लावतो: हा निर्णय पात्राने घेतला की पात्रावर घेतला गेला? लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी नवरा अनिरुद्ध आणि संजना यांचे प्रेमसंबंध अरुंधतीला कळतात, आणि त्यानंतर ती ज्या क्रमाने कोलमडते, सावरते, घटस्फोटाला तयार होते आणि ‘समृद्धी’ बंगल्याबाहेर पाऊल टाकते, त्या क्रमातला प्रत्येक टप्पा तिचा स्वतःचा आहे. तिच्या जागी दुसरी नायिका असती तर तो क्रम वेगळा झाला असता. आशुतोषचा अपघात मात्र तिच्या, त्याच्या किंवा घरातल्या इतर कोणाच्याही स्वभावातून उगवत नाही. तो कोणत्याही मालिकेतल्या कोणत्याही सज्जन माणसाला, कोणत्याही मंगळवारी होऊ शकला असता. ज्या प्रसंगात पात्रांची नावे बदलली तरी काही बिघडत नाही, तो प्रसंग बहुतेक वेळा बाहेरून आलेला असतो.

याला आणखी एक कारण आहे आणि ते मला फार महत्त्वाचे वाटते. ‘श्रीमयी’ जून २०१९ ते डिसेंबर २०२१, म्हणजे अडीच वर्षे चालली. मराठी मालिका डिसेंबर २०१९ पासून जवळजवळ पाच वर्षे चालली. कथेचा जीव अडीच वर्षांचा आणि आयुष्य पाच वर्षांचे, असे झाले की मधली जागा अपघात, अपहरण, स्मृतिभ्रंश आणि मालमत्तेचे वाद यांनी भरावी लागते. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत धानाची कापणी झाल्यावर नाटके लागतात, वडसा-देसाईगंजच्या मंडळींचा प्रयोग रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो, पण तो त्याच रात्रीत संपतो. पहिल्या अंकात बहिणीने दिलेले वचन भावाने शेवटच्या अंकात मोडले, तर समोर बसलेला प्रेक्षक ते लगेच पकडतो, कारण ते त्याने पाच तासांपूर्वीच ऐकलेले असते. मालिकेत वचन २०२१ मध्ये दिले जाते आणि २०२४ मध्ये मोडले जाते, आणि प्रेक्षक ते विसरला असेल असे कोणीतरी परस्पर गृहीत धरते. आपल्या सासूबाई विसरल्या नाहीत, याचा मला मनापासून आनंद झाला.

उत्तर २ (नंदनवन)

वरील मताशी मी सहमत नाही. माझा धाकटा भाऊ वर्धा मार्गावर अपघातात गेला, तेव्हा तो मृत्यू आमच्यापैकी कोणाच्याही स्वभावातून आलेला नव्हता. घरातले माणूस असेच जाते, कारण न सांगता आणि अर्ध्यावर. मालिकेने ते तसेच दाखवले तर त्यात अप्रामाणिक काय आहे, हे मला समजले नाही. अरुंधतीला आयुष्यभर सुखात ठेवण्याचा करार लेखकांनी आपल्याशी केलेला नव्हता, आणि अरुंधती साकारणाऱ्या मधुराणी प्रभुलकर यांनी त्या भागांत जो अभिनय केला, तो पाहून मला माझ्या वहिनीची आठवण झाली.

उत्तर ३ (मनीषनगर)

मी ४६ व्या वर्षी पुनर्विवाह केला आहे, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी केवळ मालिकेचा नाही.

नंदनवनच्या दादांचे दुःख मी समजू शकते आणि मृत्यू अचानक येतो हे त्यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. माझी हरकत अपघातापाशी नाहीच, ती त्याच्या नंतरच्या भागांपाशी आहे. पुनर्विवाह केलेल्या बाईचे आयुष्य कशाने बनते, हे मी आपल्याला सांगते. दारावरच्या पाटीवर कोणाचे नाव आधी लिहायचे, यावरून पंधरा दिवस घरात शांतता असते. रेशनकार्ड आणि आधारकार्ड यांवरची नावे जुळत नाहीत, म्हणून सरकारी खिडकीसमोर चारचौघांत आपली सगळी कहाणी सांगावी लागते. वयात आलेला मुलगा नव्या घरी येतो, नमस्कार करतो, पण पाणी मागत नाही. ज्या दिवशी तो स्वतः उठून फ्रीजमधून पाण्याची बाटली काढून घेतो, तो दिवस आपण कॅलेंडरवर मनातल्या मनात खूण करून ठेवतो. यश, ईशा आणि अभिषेक या मुलांना बरोबर घेऊन अरुंधतीचे लग्न जुळून येईपर्यंतचे भाग मला आवडले ते यासाठी, की त्यात या संकोचाची जाण होती. कांचनसारखी सासू एका दिवसात बदलत नाही, हे मालिकेने दाखवले. अप्पा सुनेच्या पाठीशी उभे राहतात, पण त्यासाठी त्यांना स्वतःच्या मुलाविरुद्ध बोलावे लागते, हेही दाखवले.

लग्न झाल्यावर मात्र संसार दिसायलाच हवा होता. दोन पन्नाशीच्या आसपासची माणसे एकमेकांच्या सवयी कशा शिकतात, भांडण झाल्यावर जायला माहेर उरलेले नसताना बाई कुठे बसून रडते, पहिल्या नवऱ्याचा विषय जेवणाच्या ताटावर कसा अचानक येतो, यातच वर्षभराची कथा होती, आणि ती कोणत्याही मराठी मालिकेने तोवर सांगितलेली मी पाहिली नव्हती. ती जागा रिकामी राहिली. त्यानंतर आशुतोष गेला आणि कथेचा ओघ पुन्हा देशमुखांच्या, म्हणजे पहिल्या नवऱ्याच्या घराकडे वळला, जणू मधला संसार म्हणजे नायिकेने काही दिवसांसाठी बाहेरगावी जाऊन येणे होते. मृत्यू दाखवावा; पण ज्याच्या जाण्याने पोकळी निर्माण व्हायची, त्याला आधी घरात जागा तरी द्यावी. आपल्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी विचारले ते मला माझ्या घरी कोणी तरी विचारायला हवे होते.

उत्तर ४ (धरमपेठ)

या चर्चेत ‘माझ्या नवऱ्याची बायको’ची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही, कारण त्या मालिकेची राधिका आपल्या नागपूरची होती. ऑगस्ट २०१६ मध्ये मालिका सुरू झाली तेव्हा तिची बोली ऐकून आमच्या गल्लीत आनंद आणि संकोच दोन्ही होते. आनंद यासाठी की मुंबईच्या मालिकेत आपल्याकडचे ‘करून राहिली’ ऐकू आले, आणि संकोच यासाठी की सुरुवातीच्या भागांत ती बोली म्हणजे भोळेपणाची खूण असल्यासारखी वापरली जात होती. राधिका साकारणाऱ्या अनिता दाते मूळच्या नाशिकच्या, तरी त्यांनी तो लहेजा शेवटपर्यंत सोडला नाही. राधिका मसाल्याच्या धंद्यातून मोठ्या कंपनीची मालकीण झाली, तेव्हाही ती तशीच बोलत राहिली, आणि माझ्या मते त्या मालिकेतला हा सर्वांत चांगला निर्णय होता. नायिका श्रीमंत झाली की तिला पुण्याची भाषा द्यायची, हा मोह तेथे टाळला गेला.

तिच्या इतर निर्णयांविषयी माझे मत इतके चांगले नाही. नवऱ्याचे दुसरे प्रकरण उघड झाल्यावर त्याला परत आणण्यासाठी ती जे काही करत राहिली, ते सुरुवातीला तिच्या जिद्दीला शोभत होते, पण पुढे तीच जिद्द प्रत्येक वेळी नव्या युक्तीला कारण म्हणून वापरली गेली. नवरा गुरुनाथ खोटे बोलतो, राधिका ते उघड करते, तो पुन्हा खोटे बोलतो, हे चक्र इतके फिरले की तिच्या हुशारीवरचाच विश्वास उडू लागला. सौमित्रशी लग्न करण्याचा तिचा निर्णय आला तेव्हा तो मला पटला, पण तो फार उशिरा आला. गंमत म्हणजे गुरुनाथची प्रेयसी शनाया हिची भूमिका रसिका सुनीलकडून ईशा केसकरकडे गेली आणि पुन्हा रसिकाकडे आली, तरी शनाया शनायाच राहिली. पात्र नीट लिहिलेले असेल तर प्रेक्षक चेहरा बदललेलासुद्धा स्वीकारतात. स्वभाव बदललेला मात्र त्यांना चालत नाही.

महालच्या काकांच्या कसोटीत मी एक भर घालू इच्छिते. निर्णय पात्राचा असूनही तो दहाव्यांदा घेतला जात असेल, तर तो पात्राचा उरत नाही. तेव्हा तो पात्रावरच लादलेला असतो.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, याबद्दल आभार. काल दुपारी सर्व उत्तरे सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवली. नंदनवनच्या दादांचे लिहिणे ऐकून त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि नंतर ‘त्यांचे खरे आहे’ एवढेच म्हणाल्या. महालच्या काकांची कसोटी मला स्वतःला उपयोगी वाटली, पण तिने अपघाताचा प्रश्न सुटतो असे मला दादांचे वाचल्यानंतर वाटत नाही. मनीषनगरच्या ताईंनी दाखवलेली रिकामी जागाच मला बोचत होती, फक्त मला तिचे नाव सापडत नव्हते.

सासूबाई आता दुपारी दीड वाजता ‘मुरांबा’ पाहतात. फेब्रुवारी २०२२ पासून ती त्याच दुपारच्या वेळी लागते, त्यामुळे ऊन असो वा पाऊस, त्यांचा दिवस रमा आणि अक्षय यांच्याभोवती आखलेला असतो. ताईंचे उत्तर मात्र त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतले आणि पाण्याच्या बाटलीपाशी मला थांबवले. “पोरगं पाणी हातानं घेते, हे दाखवाले किती वेळ लागला असता,” त्या म्हणाल्या, “दोन मिनिटं?”