नातवासाठी झटपट गोधडी: चौकोन की पट्ट्या?
नमस्कार मैत्रिणींनो, इंदूरहून लिहितेय. नातू अकरावीला होस्टेलवर निघालाय. गोधडी हवीय, पण ‘आजी, फुलं-बिलं नकोत!’ बारीक ठिगळकाम आता माझ्या डोळ्यांना झेपत नाही.

माप 60 बाय 90 इंच. 10 इंची चौकोन घेतले तर 54 लागतील, शिलाई धरून 11 इंची कापायचे. की सरळ उभ्या पट्ट्या जोडू? कोपरे जुळवायची कटकट तरी वाचेल. निळा-करडा रंग त्याला चालतो.

आत जुन्या सुती साड्या घालणार (महेश्वरी मात्र कापवत नाही बाई!). अस्तर राजवाड्याजवळून आणून आधी भिजवून घेईन. साड्यांचे थर किती ठेवू, म्हणजे वॉशिंग मशीनमध्ये धुता येईल? आणि धावदोरा हातानेच घालू की मशीनवर? मशीनने गोधडी ताठ होते असं मला वाटतं.