रॅम शिल्लक असताना 'आउट ऑफ मेमरी' का? पेजफाईल बंद ठेवावी की किती ठेवावी?

कळफलक (प्रश्न)

विंडोज ११, ६४ बिट. रॅम ८ जीबी, पैकी वापरण्याजोगी ७.८ दिसते. सी ड्राइव्ह म्हणजे २५६ जीबीची एसएसडी, तीत ३१ जीबी मोकळी. डी ड्राइव्ह १ टीबीची फिरती हार्डडिस्क. पेजफाईल म्हणजे रॅमच्या जोडीला विंडोज डिस्कवर ठेवते ती फाईल. 'पेजफाईलने एसएसडी झिजते, ती बंद करा, मशीन पळेल' हा सल्ला जागोजागी वाचायला मिळतो. त्यानुसार सध्या 'नो पेजिंग फाईल' निवडलेलं आहे.

आता २५-३० टॅबचा ब्राउझर, फोटो एडिटर आणि २ जीबी दिलेलं एक व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक) एकत्र चालवलं की एडिटर 'आउट ऑफ मेमरी' सांगून बंद पडतो, मागोमाग टॅब कोसळतात. त्याच क्षणी टास्क मॅनेजरमधले आकडे असे: इन यूज ५.६ जीबी, अव्हेलेबल २.१ जीबी, कमिटेड ७.६/७.८ जीबी.

दोन जीबी रॅम रिकामी असताना मेमरी संपली कशी? पेजफाईल परत चालू करायची तर किती एमबीची, आणि एसएसडी वाचवायला ती डी वर टाकली तर चालेल का? 'रॅमच्या दीडपट' हा नियम अजून लागू आहे का?

पानोपानी

उत्तर तुम्ही दिलेल्या शेवटच्या आकड्यात आहे. इन यूज आणि अव्हेलेबल बाजूला ठेवा, कमिटेड बघा. ७.८ पैकी ७.६ संपलेत.

प्रोग्रॅम मेमरी मागतो तेव्हा विंडोज त्याला लगेच रॅम देत नाही. 'एवढी तुझी, लागेल तेव्हा मिळेल' असा शब्द देते. यालाच कमिट म्हणतात. प्रत्यक्ष रॅमचं पान (४ केबीचं) हाती पडतं ते प्रोग्रॅमने त्या पत्त्यावर पहिल्यांदा हात लावल्यावर. बहुतेक प्रोग्रॅम मागतात ढीगभर आणि हात लावतात त्यातल्या थोड्याला. म्हणून कबूल केलेली मेमरी वापरातल्या मेमरीपेक्षा जास्त असणं हे रोजचंच.

विंडोज मात्र अंथरूण पाहून पाय पसरणारी आहे. पाळता येणार नाही असा शब्द ती देतच नाही. शब्द देण्याची तिची कमाल पत म्हणजे रॅम अधिक सगळ्या पेजफाईलींची बेरीज, ज्याला कमिट लिमिट म्हणतात. पेजफाईल शून्य केल्यावर ही पत ७.८ जीबीवर अडकली. एडिटरने आणखी ३०० एमबी मागितले, पत उरली होती २०० ची, मागणी फेटाळली गेली. २.१ जीबी रॅम रिकामी होती हे खरं, पण तिच्यातली बरीचशी आधीच दुसऱ्यांना कबूल झालेली होती. त्यांनी ती उचलली नव्हती इतकंच.

त्यामुळे पेजफाईल म्हणजे 'संथ रॅम' ही समजूत सोडा. तिचं मोठं काम पत वाढवण्याचं आहे. ६ जीबीची पेजफाईल ठेवली आणि तिच्यात एक बाईटही लिहिला गेला नाही, तरी कमिट लिमिट १३.८ होते आणि तुमचा एडिटर चालतो.

दुसरं काम: तासन्‌तास न शिवलेली पानं बाहेर काढून ती रॅम चालू कामाला मोकळी करणं. पेजफाईल नसली की प्रोग्रॅमचा स्वतःचा डेटा बाहेर टाकायला जागाच नाही. मग दडपण आलं की विंडोज बाहेर काढते ती डिस्कवरून पुन्हा वाचता येईल अशी पानं, म्हणजे प्रोग्रॅमचा कोड आणि फाईल कॅश (वाचलेल्या फाईलींची रॅममधली प्रत). सकाळपासून निपचित पडलेल्या टॅबचा डेटा रॅममध्ये आणि चालू प्रोग्रॅमचा कोड बाहेर, असा उफराटा कारभार. 'बंद केल्यावर पळेल' या सल्ल्यातली गोम ही.

चालू करण्यासाठी: स्टार्टमध्ये 'परफॉर्मन्स' टाइप करा, 'अ‍ॅडजस्ट द अपिअरन्स अँड परफॉर्मन्स ऑफ विंडोज' उघडा, 'अ‍ॅडव्हान्स्ड' टॅब, व्हर्च्युअल मेमरीखाली 'चेंज'. सगळ्यात वरची 'ऑटोमॅटिकली मॅनेज' ही खूण केली की बाकी काही भरायचं नाही. स्वतः आकडे द्यायचे तर ती खूण काढा, सी निवडा, 'कस्टम साईज' मध्ये एमबीत आकडे भरा (१ जीबी म्हणजे १०२४) आणि आधी 'सेट' दाबा, मग 'ओके'. 'सेट' न दाबता 'ओके' केलं की भरलेले आकडे लागू होत नाहीत. निम्म्या 'बदल केला तरी फरक नाही' तक्रारींचं मूळ हेच. आकार वाढवला तर सहसा रीस्टार्ट लागत नाही, कमी केला तर लागतो.

बिनपंख्याचा

वर सांगितलेलं पटतं. एक बारकावा जोडतो: कमिटेडमधून इन यूज वजा केलं की 'कबूल पण न उचललेली' मेमरी निघते असं कोणी समजू नये. इन यूजमध्ये प्रोग्रॅमच्या फाईलींमधून आलेली, कमिटमध्ये न मोजली जाणारी पानंही असतात. अंदाज येतो, हिशेब तंतोतंत जुळत नाही.

आता डी ड्राइव्ह. टाकू नका. रॅममधून एक पान मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद, एसएसडीतून १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास, फिरत्या हार्डडिस्कवरून ५ ते १० मिलिसेकंद. म्हणजे एसएसडी हजारपट संथ आणि हार्डडिस्क जवळजवळ लाखपट. पेजफाईलची वाचनं चिमुकली आणि विखुरलेली असतात, हार्डडिस्कला नेमकं तेच जमत नाही. विंडो बदलली की माऊस दोन सेकंद गोठतो तो यामुळे.

झिजण्याच्या भीतीबद्दल: विंडोज ७ बाजारात येण्याच्या सुमारास, २००९ मध्ये, मायक्रोसॉफ्टने दिलेल्या आकडेवारीत पेजफाईलमधली वाचनं लेखनांच्या सुमारे ४० पट होती. वाचनांपैकी दोनतृतीयांश ४ केबी किंवा त्याहून लहान, तर लेखनांपैकी ६२ टक्के १२८ केबी किंवा मोठी. लहान वाचन आणि मोठं सलग लेखन, एसएसडीला याहून सोयीचं काही नाही. झीज लेखनाने होते. तुमची एसएसडी आयुष्यभरात १५० टीबी लेखन सोसते असं मानलं आणि रोज १० जीबी नुसत्या पेजफाईलमध्ये गेले असं धरलं, तरी १५,००० दिवस होतात, म्हणजे ४१ वर्षं. रोज १० जीबी खरोखरच जात असतील तर एसएसडीची नव्हे, रॅमची काळजी करायची वेळ आलेली आहे.

सी आणि डी दोन्हीवर ठेवण्याचा मधला मार्गही नको. काही पानं हार्डडिस्कवर गेली की तेवढ्यापुरती तीच रड. यूएसबी ड्राइव्हवर तर मुळीच नाही. चालू असताना ती निखळली तर पानं हवेत आणि विंडोज कोसळल्याचा निळा पडदा समोर.

आणखी एक. विंडोज ज्या ड्राइव्हवर आहे तिथे पेजफाईल नसेल तर निळा पडदा आल्यावर डंप (कोसळतानाच्या मेमरीची नोंद) लिहायला जागा मिळत नाही आणि कारण शोधणं अवघड होतं. लहान डंपला २ एमबी पुरतात. पूर्ण डंप हवा असेल तर रॅमएवढी अधिक २५७ एमबी.

कळफलक

कमिटचा मुद्दा कळला. पण 'ऑटोमॅटिक' ठेवलं तर ३१ जीबीपैकी किती गिळेल? आणि स्वतः आकडा द्यायचा तर तो काढायचा कसा?

पानोपानी

ऑटोमॅटिकची कमाल: रॅमच्या तिप्पट किंवा ४ जीबी, यातलं जे मोठं ते; पण ड्राइव्हच्या एकूण आकाराच्या एकअष्टमांशाहून जास्त नाही. तुमच्याकडे तिप्पट म्हणजे २४ जीबी, एकअष्टमांश ३० च्या आसपास, म्हणून छत २४ चं. सुरुवातीलाच तेवढी घेत नाही. कमिट लिमिटच्या ९० टक्क्यांवर पोचलं की वाढवते. पण ३१ जीबी मोकळ्या जागेत २४ गेले तर अपडेटला जागा उरणार नाही, म्हणून तुमच्या बाबतीत कस्टम आकडा रास्त.

तो असा काढा. आधी ऑटोमॅटिक करून रीस्टार्ट करा. मग तुमचं सगळ्यात जड काम एकत्र उघडा: सगळे टॅब, एडिटरमध्ये सर्वांत मोठी फाईल, व्हर्च्युअल मशीन. टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी इथे कमिटेडमधला डावा आकडा कुठवर चढतो ते टिपा. समजा १३.५ पर्यंत गेला. १३.५ मधून ७.८ वजा, उरले ५.७ जीबी. इनिशियल ६१४४, मॅक्सिमम १२२८८ द्या. इनिशियल रोजच्या कमाल कामाला पुरेल इतका, मॅक्सिमम अडीअडचणीला. मधल्या काळात फाईल वाढली तरी रीस्टार्टनंतर ती पुन्हा इनिशियलवर येते.

दीडपटीचा नियम रॅम एमबीत मोजायचे तेव्हाचा. त्याची दिशाच उलटी आहे: ६४ जीबी रॅमवाल्याला तो ९६ जीबीची फाईल सांगतो आणि ४ जीबीवाल्याला, ज्याला खरी गरज, फक्त ६ ची. रॅमवरून नव्हे, कमिटच्या कमाल आकड्यावरून ठरवा.

दोन ठिकाणी मात्र पेजफाईल कितीही मोठी केली तरी उपयोग नाही. पहिलं, ३२ बिट प्रोग्रॅम. त्याच्या पत्त्यांची जागाच एरवी २ जीबी, तशी सोय करून बांधलेला असेल तर ६४ बिट विंडोजवर ४ जीबी. जुना फोटो एडिटर २ जीबीच्या आगेमागे कोसळत असेल तर आधी त्याची ६४ बिट आवृत्ती घ्या. (६४ बिट प्रोग्रॅमला १२८ टीबीची जागा मिळते, तिथे हा प्रश्न उद्भवत नाही.) दुसरं, ड्रायव्हरची गळती, म्हणजे घेतलेली मेमरी त्याने परत न करणं. टास्क मॅनेजरच्या त्याच मेमरी विभागात खाली 'नॉन-पेज्ड पूल' (विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांची कायम रॅममध्ये राहणारी मेमरी) असतो. तो तासागणिक चढत जाऊन काही जीबींवर पोचला तर दोषी ड्रायव्हर, आणि ही पानं नावाप्रमाणेच पेजफाईलमध्ये जात नाहीत.

गळका प्रोग्रॅम पकडायला 'डिटेल्स' टॅबमध्ये रकान्याच्या शीर्षकावर राइट क्लिक, 'सिलेक्ट कॉलम्स', तिथून 'कमिट साईज' घ्या. नेहमी दिसणारा मेमरी रकाना इथे फसवतो. शिवाय इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टम लॉगमध्ये २००४ क्रमांकाची नोंद शोधा. पत संपत आली की विंडोज तिथे सर्वाधिक कमिट घेणाऱ्या तीन प्रोग्रॅमची नावं लिहून ठेवते.

बिनपंख्याचा

आणि हे सगळं केल्यावर मशीन कोसळत नाही पण रखडतं असं झालं, तर तो वेगळा आजार. पत पुरते, रॅम पुरत नाही. रिसोर्स मॉनिटरच्या मेमरी टॅबमध्ये 'हार्ड फॉल्ट्स' (हवं ते पान डिस्कवरून आणावं लागणं) बघा. प्रोग्रॅम उघडताना ते शेकड्यांनी उसळले तर घाबरू नका. फाईल पहिल्यांदा डिस्कवरून वाचणं हाही हार्ड फॉल्टच असतो. काम स्थिरावल्यावरही मिनिटामागून मिनिटं शेकड्यांत राहिले आणि डिस्क १०० टक्क्यांवर खिळली तर ते थ्रॅशिंग: एक पान आणायचं म्हणून दुसरं काढायचं, आणि लगेच तेच काढलेलं हवं व्हायचं. यावर पेजफाईलचा कुठलाही आकडा औषध नाही. टॅब बंद करा, व्हर्च्युअल मशीनला दीड जीबी द्या, नाहीतर रॅम वाढवा.

शून्यएक

कोणी लिनक्सवर हेच शोधत इथे आलं तर: वरचा कमिटचा हिशेब तिथे जसाच्या तसा लावू नका. लिनक्स मुळात ऋण काढून सण करणारं. हातात नाही तेवढ्या मेमरीचा शब्द ते बिनदिक्कत देतं आणि सगळे एकदम वसुलीला आले की ओओएम किलर एखाद्या प्रोग्रॅमचा बळी घेतो. म्हणून तिथे 'आउट ऑफ मेमरी' असा संदेश क्वचितच दिसतो, प्रोग्रॅम सरळ गायब होतो. कारण कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये सापडतं.

स्वॅप फाईल (लिनक्सची पेजफाईल) करताना चुका ठरलेल्या आहेत. फाईलची परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) हवी, नाहीतर इतरांना तुमच्या मेमरीतलं वाचता येईल. ती सलग भरलेली हवी. पोकळ्या असलेली फाईल स्वॅपऑन (स्वॅप चालू करणारी आज्ञा) नाकारतं. बीटीआरएफएस या फाईल सिस्टमवर त्या फाईलपुरतं कॉपी-ऑन-राइट (बदल जुन्या जागी न लिहिता नव्या जागी लिहिणं) बंद करावं लागतं, आणि तेही फाईल रिकामी असतानाच. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना जोडायच्या डिस्कची यादी) ओळ घातली नाही तर रीस्टार्टनंतर स्वॅप नाही. हायबरनेट (रॅममधलं सगळं डिस्कवर ठेवून मशीन बंद करणं) हवं असेल तर स्वॅप रॅमएवढा धरा. विंडोज त्यासाठी वेगळी फाईल ठेवते, पेजफाईल नाही.

स्वॅपिनेस, म्हणजे फाईल कॅशच्या तुलनेत प्रोग्रॅमची पानं स्वॅपमध्ये टाकायचा कल, याचा मूळ आकडा ६० आहे. तो १० वर आणायचा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्याने स्वॅप 'कमी' होतो तो फाईल कॅशचा बळी देऊन. झेडरॅम वापरत असाल, म्हणजे रॅममध्येच पानं दाबून ठेवत असाल, तर उलट १०० च्या वर न्या. कर्नल ५.८ पासून २०० पर्यंत जाता येतं.

कळफलक

ऑटोमॅटिक करून मोजलं. कमिट कमाल १२.९ जीबीपर्यंत गेला, म्हणजे ५.१ जीबी हवेत. सी वर इनिशियल ६१४४, मॅक्सिमम १२२८८ दिलं, 'सेट' दाबलं, रीस्टार्ट केलं. आता तेच तिन्ही प्रोग्रॅम उघडून कमिटेड १२.७/१३.८ दाखवतंय आणि एडिटर चालू आहे. नॉन-पेज्ड पूल ३१० एमबी, जागचा हलत नाही.

पानोपानी

ठीक आहे. १२.७ म्हणजे सध्याच्या १३.८ च्या ९२ टक्के, तेव्हा कामाच्या मधेच फाईल वाढवावी लागेल. इनिशियल ८१९२ करा. सी वर किमान २० जीबी मोकळे राहतील याकडेही लक्ष ठेवा, कारण जागा नसेल तर मॅक्सिमममध्ये लिहिलेला आकडा नुसता कागदावरच राहतो.