नायट्रोजन घातलेल्या कार्बनला ‘मेटल-फ्री’ म्हणायचं का?

मृण्मयी:
फ्युएल सेलमध्ये, म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज करणाऱ्या सेलमध्ये, ऑक्सिजनचं पाणी होण्याची पायरी फार संथ, म्हणून तिला वेग द्यायला प्लॅटिनम लागतं. नायट्रोजन घातलेला कार्बन हेच काम धातूशिवाय करतो असे दावे 2009पासून जोरात आहेत. माझं मत स्पष्ट आहे: सॅम्पलमध्ये लोखंड किती उरलंय हे मोजल्याशिवाय ‘मेटल-फ्री’ हा शब्द पेपरात छापू नये.

मी यात पोळलेय. मेलामाइन आणि कार्बन आर्गॉनमध्ये 900 अंशांवर तापवून सॅम्पल केलं, सल्फ्युरिक ॲसिडमध्ये इलेक्ट्रोड म्हणून लावलं. व्होल्टेज वर-खाली फिरवण्याची जितकी सायकल्स, तितका करंट वाढत गेला. आठवडाभर आम्ही खूश. मग काउंटर इलेक्ट्रोडची, म्हणजे सर्किट पूर्ण करणाऱ्या समोरच्या इलेक्ट्रोडची, प्लॅटिनमची तार काढून ग्राफाइटची कांडी लावली, नवं सॅम्पल घेतलं, आणि वाढ गायब! तारेतलं प्लॅटिनम विरघळून आमच्याच कार्बनवर बसत होतं.

अनिकेत:
अजिबात पटलं नाही. चूक तारेची होती, कार्बनची नाही. 2016 मध्ये जपानमधल्या त्सुकुबा विद्यापीठातल्या नाकामुरांच्या गटाने ग्राफाइटच्या सपाट पृष्ठभागावर एकेका प्रकारचा नायट्रोजन बसवून पाहिला. पिरिडिनिक नायट्रोजन (दोनच कार्बनना जोडलेला, कडेचा) वाढला तशी ॲक्टिव्हिटी, म्हणजे रिॲक्शनचा वेग, वाढली. काम करतो तो त्याच्या शेजारचा कार्बन. यात लोखंड कुठे आलं?

मृण्मयी:
तो प्रयोग मला मान्यच आहे. पण भट्टीतून निघणारी पावडर म्हणजे सपाट ग्राफाइट नव्हे. 2009च्या त्या गाजलेल्या दाव्यातल्या कार्बनच्या नॅनोट्यूब आयर्न थॅलोसायनिन या लोखंड असलेल्या संयुगापासून वाढवल्या होत्या. नंतर लोखंड काढलं, हे खरं. पण काढलं म्हणजे संपलं का? धातूचा किंचित अंश उरला तरी ॲक्टिव्हिटी वाढते, हे जर्मनीतल्या बोखुमच्या गटाने 2013 मध्ये दाखवलंय.

सुहास:
तुम्ही दोघं नावावर भांडताय, मी मेम्ब्रेनवर, म्हणजे सेलच्या दोन इलेक्ट्रोडमधल्या पातळ पडद्यावर, काम करतो. लोखंड आणि नायट्रोजन एकत्र असलेले कार्बन ॲसिडमध्ये नुसत्या नायट्रोजनवाल्यांपेक्षा सरस चालतात, मग लोखंड असू दे की, असं लोक म्हणतात. पण रिॲक्शन अर्धवट राहिली की हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. त्याला सुटं लोखंड भेटलं की पेरॉक्साइड फुटतं (फेंटन रिॲक्शन), आणि त्यातून निघणारे अतिक्रियाशील रॅडिकल मेम्ब्रेन कुरतडतात. म्हणून मला लोखंडाचा आकडा हवा. झिंक-एअरसारख्या अल्कलाइन सेलमध्ये मात्र हा धोका बराच कमी, तिथे मी एवढा अडून बसणार नाही.

अनिकेत:
सुहासदादा, हा मुद्दा घेतला. तरी सक्तीला माझा विरोध आहे. तालुक्याच्या कॉलेजातल्या पोरांनी धातूचा अंश मोजणारं आयसीपी-एमएस यंत्र आणायचं कुठून? बाहेर सॅम्पल पाठवायला पैसे लागतात, नंबर लागायला महिने जातात. त्यांचं चांगलं काम एका आकड्यासाठी अडकेल.

मृण्मयी:
मग त्यांनी ‘मेटल-फ्री’ऐवजी ‘धातू न घालता केलेला’ असं लिहावं, ते शंभर टक्के खरं असेल. आणि ग्राफाइटची कांडी काही महाग नसते.