१९५४ च्या गॉडझिलाला आज नवे रूप द्यायचे तर काय राखावे आणि काय बदलावे?

रेखाटनवही (नागपूर)

नमस्कार. नागपुरातील एका कला महाविद्यालयात मी रेखांकन शिकवतो. या सत्रात अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना एक काम दिले आहे. जपानच्या तोहो कंपनीने १९५४ मध्ये पडद्यावर आणलेल्या गॉडझिलावर आज नवा चित्रपट होणार आहे असे धरून त्यांनी त्याचे रूप पहिल्यापासून आखायचे आहे. कच्ची रेखाटने समोर आली तेव्हा वर्गात सरळ दोन तट पडले. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे असे मला वाटते, म्हणून येथे विचारतो.

पहिल्या गटाचे म्हणणे असे की मूळ रूप टायरॅनोसॉरस, इग्वानोडॉन आणि पाठीवरच्या पात्यांपुरता स्टेगोसॉरस अशा डायनोसॉरच्या तेव्हाच्या चित्रांवरून जुळवलेले आहे, आणि त्यात माणूस शिरून चालणार असल्यामुळे ते ताठ कण्याचे, जाड मांड्यांचे आणि शेपूट जमिनीवर ओढणारे झाले. टायरॅनोसॉरसची पाठ जमिनीला जवळपास समांतर असे आणि शेपूट हवेत तोललेले असे, हे आज शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. मग संगणकावर काहीही साकारता येत असताना रबरी पोशाखाची जुनी मर्यादा आपण का जपायची?

दुसरा गट १९९८ च्या अमेरिकी चित्रपटाकडे बोट दाखवतो. त्यासाठी पॅट्रिक टॅटोपोलस यांनी नेमके हेच केले होते. त्यांचा प्राणी पुढे झुकलेला, सडपातळ, पळणारा आणि घोरपडीच्या कुळातला वाटणारा होता. रेखाटन म्हणून ते काम उत्तमच आहे, पण प्रेक्षकांनी त्याला गॉडझिला मानले नाही. पुढे तोहोने त्याला झिला असे वेगळे नाव दिले आणि २००४ च्या चित्रपटात आपल्या गॉडझिलाकडून त्याचा चटकन पराभव करवला.

माझा प्रश्न असा आहे की नव्या आखणीत शरीरशास्त्राला किती अधिकार द्यावा, आणि ओळख टिकवणारी वैशिष्ट्ये नेमकी कोणती मानावीत?

खडकवाचक

भूविज्ञान हा माझा विषय आहे, त्यामुळे शरीरशास्त्राच्या बाजूने आधी लिहितो. मात्र माझे उत्तर तुमच्या पहिल्या गटाला फारसे रुचणार नाही.

आकार वाढतो तेव्हा वजन आणि बळ एकाच प्रमाणात वाढत नाहीत, ही गोष्ट गॅलिलिओने १६३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हाडाचे चित्र काढून दाखवली होती. पावणेदोन मीटर उंचीचा, सत्तर किलो वजनाचा माणूस तीस पट मोठा केला तर त्याची उंची पन्नास मीटरच्या थोडी वर जाते, म्हणजे १९५४ च्या गॉडझिलाइतकी होते. त्याच्या हाडाचा छेद ९०० पट होतो, परंतु वजन मात्र २७,००० पट होते. सुमारे १,९०० टनांचा हा देह ज्या हाडांवर उभा राहील त्यांच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर मूळच्या तीस पट भार येईल. असा प्राणी जमिनीवर उभाच राहू शकत नाही, मग त्याची पाठ आडवी असो वा उभी. तेव्हा ‘शास्त्रानुसार आडवी पाठच बरोबर’ हा युक्तिवाद काही टन वजनाच्या टायरॅनोसॉरसपुरता खरा आहे आणि हजारो टनांच्या काल्पनिक प्राण्याला तो लागू होत नाही.

उलट, जड प्राण्यांचे निरीक्षण केले तर जुन्या पोशाखाच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच सापडते. हत्तीचे पाय खांबासारखे सरळ असतात, कारण वाकलेल्या गुडघ्यावर भार पेलायला स्नायूंना सतत राबावे लागते, तर सरळ पायात तो भार हाडामधून थेट जमिनीत उतरतो. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे लॅमेटा नावाच्या खडकांच्या थरांत ज्याचा सांगाडा मिळाला तो इसिसॉरस हा टायटॅनोसॉर गटातला शाकाहारी डायनोसॉर होता. या गटाचे पाय खांबांसारखे होते आणि त्यांच्या पावलांच्या दोन रांगांत अंतरही चांगले रुंद असे. तुमच्या विद्यार्थ्यांनी मांसाहारी डायनोसॉरची चपळ तंगडी बाजूला ठेवून या संथ, रुंद पायांचा अभ्यास करावा. शरीरशास्त्राचा उपयोग इतकाच आहे की पाहणाऱ्याला वजन पटावे. तो प्राणी शक्य आहे की नाही, याचा निवाडा शरीरशास्त्राला करू देऊ नये.

चौकटीमागे

मी ॲनिमेशनच्या क्षेत्रात काम करते आणि वरील उत्तराशी सहमत आहे. फक्त माझ्या अनुभवात वजन पटते ते पायाच्या जाडीपेक्षा वेळेमुळे.

दोन मीटरवरून सोडलेला दगड सुमारे ०.६४ सेकंदात खाली येतो, तर पन्नास मीटरवरून सोडलेल्या दगडाला सुमारे ३.२ सेकंद लागतात. उंची पंचवीस पट झाली की वेळ पाच पट होतो. १९५४ मध्ये चित्रपटाचे विशेष दृश्यपरिणाम सांभाळणाऱ्या एजी त्सुबुराया यांनी टोकियोची प्रतिकृती पंचविसाव्या भागाइतकी लहान बांधली आणि कॅमेरा नेहमीपेक्षा अधिक वेगाने चालवून ते चित्रण संथ करून दाखवले, त्यामागे हेच गणित आहे. पोशाखात शिरलेले हारुओ नाकाजिमा चालीच्या अभ्यासासाठी प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती आणि अस्वले पाहत असत. मूळ चित्रपटातील पोशाख सुमारे शंभर किलोंचा होता, त्यामुळे त्यांच्या पावलातील कष्ट खरे होते आणि आजही ते पडद्यावर जाणवतात. १९९८ च्या प्राण्याची खरी अडचण त्याच्या आडव्या पाठीत नसून त्याच्या वेगात आहे, असे माझे ठाम मत आहे, कारण इमारतींच्या मधून सरड्यासारखा सुळकन वळणारा प्राणी पाहताना डोळा त्याला आपोआप लहान समजतो.

२०१६ मध्ये दिग्दर्शक हिदेआकी आन्नो आणि शिंजी हिगुची यांनी गॉडझिला पूर्णपणे संगणकावर साकारला, तरी त्याच्या हालचालींसाठी क्योगेन या पारंपरिक नाट्यप्रकारातील नट मान्साई नोमुरा यांचे अंगविक्षेप टिपून घेतले. रबर गेले, पण आतला माणूस राहिला, आणि तोही कमीत कमी हालचालीत उभे राहण्याची साधना केलेला. ताठ कणा ही तांत्रिक मर्यादा होती हे खरे, तथापि त्या मर्यादेमुळे तो प्राणी चालून येणाऱ्या एखाद्या शिक्षेसारखा दिसू लागला. आडव्या पाठीचा प्राणी भक्ष्याच्या मागे धावतो. ताठ उभा असलेला गॉडझिला कोणाच्याही मागे लागलेला नाही, आणि त्याची भीती नेमकी याच कारणाने वाटते.

उंचीविषयीही थोडे सांगते, कारण विद्यार्थी बहुधा आकडा वाढवून मोकळे होतात. १९५४ च्या टोकियोत इमारतींना ३१ मीटरची मर्यादा होती, त्यामुळे पन्नास मीटरचा गॉडझिला शहराच्या डोक्यावरून पाहत असे. पुढे शहर वाढले तशी त्याची उंचीही वाढवावी लागली आणि २०१६ मध्ये ती ११८.५ मीटरपर्यंत गेली. त्याउलट ताकाशी यामाझाकी यांच्या २०२३ च्या चित्रपटाचे कथानक युद्धानंतरच्या बेचिराख जपानमध्ये घडत असल्याने त्यांना पुन्हा सुमारे पन्नास मीटरच पुरले, आणि २०२४ मध्ये दृश्यपरिणामांचे ऑस्करही त्याच चित्रपटाला मिळाले. महत्त्व आहे ते शेजारच्या वस्तूला आणि पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या पातळीला. आपल्या विद्यार्थ्यांना गड्डीगोदामजवळ न्यावे, जिथे खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो आहे. तिथे रस्त्यावर उभे राहून वर पाहत रेखाटन करायला सांगावे. आभाळातून पाहिल्यासारखी काढलेली राक्षसाची चित्रे बहुतेक वेळा खेळण्याची वाटतात.

इतवारीकर

आपल्या शहरात राहून हा प्रश्न विचारला जातो आणि मारबतीचा उल्लेख कोणीच करत नाही, याचे आश्चर्य वाटले, म्हणून लिहितो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे दोन भव्य पुतळे, मिरवणुकीने निघतात. ही परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकापासून चालत आली आहे. प्रत्येक मारबत दरवर्षी नव्याने बांधली जाते आणि मिरवणुकीनंतर जाळली जाते, म्हणजे जपून ठेवलेला मूळ नमुना असा काही उरतच नाही. तरीही गर्दीतल्या लहान मुलाला ती लांबून ओळखता येते. रंग, बसकी भव्य आकृती आणि चेहऱ्याची ठेवण एवढे कायम असते. सोबत निघणाऱ्या बडग्या नावाच्या पुतळ्यांचे मात्र उलट आहे. ज्या वर्षी लोकांना जे छळते ते त्या वर्षीच्या बडग्याच्या अंगावर चढते. कधी ती महागाई असते, कधी भ्रष्टाचार, कधी रोगराई. ‘इडा, पिडा घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी ज्याने ऐकली आहे त्याला हे सांगावे लागत नाही की अशी आकृती माणसे दुःख वाहून नेण्यासाठी घडवतात.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की गॉडझिला काय वाहून आणतो ते आधी ठरवावे आणि अवयव त्यानंतर. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, तिची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी बोटीवरच्या तेवीस जणांवर पडली आणि त्यांतील रेडिओचालक सप्टेंबरमध्ये मरण पावला. चित्रपट नोव्हेंबरमध्ये आला. त्यातल्या गॉडझिलाची कातडी भाजून उठलेल्या व्रणांसारखी खडबडीत आहे, आणि म्हणूनच ती पाहताना जपानी प्रेक्षकाला मगर आठवली नसेल, हिरोशिमा आठवले असेल. २०१६ च्या रूपातही २०११ चा भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमाची अणुभट्टी स्पष्ट दिसते. त्याच्या देहाच्या भेगांतून आतला लाल जाळ दिसतो आणि तो स्वतःच यातनेत असल्यासारखा वाटतो. ज्या रूपाला जखम नाही त्याला पाती, शेपूट, उंची सगळे अचूक दिले तरी तो केवळ मोठा सरडा होतो.

रेखाटनवही (नागपूर)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतवारीकर यांच्या उत्तरामुळे एक अडचण मात्र अधिकच ठळक झाली. माझ्या काही विद्यार्थ्यांना गॉडझिलाच्या अंगावर आजचे संकट चढवायचे आहे. एकीने प्लास्टिक आणि समुद्रातील तेलाचा तवंग कातडीत मिसळला आहे, तर दुसऱ्याने उष्णतेच्या लाटेचा विचार केला आहे. मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हात वाढलेल्या मुलाला ते सुचणे स्वाभाविक आहे. जखम बदलली तरी तो गॉडझिलाच राहील का?

अंबाझरी

माझे मत वेगळे आहे आणि ते स्पष्टपणे मांडते. बडग्याप्रमाणे गॉडझिलावर दरवर्षी नवे संकट चढवता येईल, असे मला वाटत नाही. मारबत आणि बडग्या यांतला जो फरक इतवारीकर यांनीच सांगितला तोच येथे लागू करावा. गॉडझिला ही मारबत आहे, आणि अणुस्फोट हा तिचा रंग आहे. तो काढून तिथे प्लास्टिक आणले तर त्या तेवीस माणसांची आणि दोन शहरांची आठवण पुसून आपण केवळ आकृती उचलल्यासारखे होईल. उष्णतेची लाट ज्याला खरोखर जाणवते त्या विद्यार्थ्याने तिच्यासाठी आपला स्वतःचा राक्षस घडवावा. त्याला विदर्भाची कोरडी माती, भेगाळलेले तलाव, पळसाचे जळके खोड असे कितीतरी साहित्य जवळच उपलब्ध आहे आणि ते कोणाकडून उसने घ्यावे लागणार नाही.

चेहऱ्याविषयीही एक सुचवते. १९३३ च्या किंग काँगमध्ये विलिस ओब्रायन यांनी जेमतेम दीड फुटांच्या बाहुल्या एकेक चौकट हलवून जिवंत केल्या, आणि काँगच्या डोळ्यांत व भुवयांत भाव आणले, कारण त्या कथेत प्रेक्षकाचा जीव त्याच्यात गुंतणे आवश्यक होते. गॉडझिलाच्या बाबतीत ते टाळावे. २०१६ च्या रूपात डोळे अगदी लहान आहेत, आणि ते माणसाकडे पाहतात असे कधी वाटतच नाही. विद्यार्थी हौसेने भुवया, ओठांच्या कडा, रागीट सुरकुत्या घालतात, त्यामुळे राक्षस कोणाशी तरी भांडत असल्यासारखा दिसतो.

रेखाटनवही (नागपूर)

हे पटले. आता कामाची रचना अशी करतो. प्रत्येक विद्यार्थ्याने प्रथम एका पानावर, चित्र न काढता, या प्राण्याचे काय झाले आहे ते लिहायचे. मग केवळ काळ्या शाईने भरलेली बाह्याकृती काढायची आणि ती वर्गाच्या दुसऱ्या टोकावरून ओळखू येते का ते इतरांनी सांगायचे. कातडी, पाती आणि डोळे त्यानंतर. ज्यांना दुसरे संकट मांडायचे आहे त्यांना स्वतंत्र राक्षसाची मुभा राहील. गड्डीगोदामला सकाळी लवकर जाऊ, म्हणजे रहदारी कमी असेल.

चौकटीमागे

रचना उत्तम आहे. बाह्याकृती समोरून आणि बाजूने अशी दोनदा काढून घ्यावी, कारण समोरून पाहताना पाती झाकली जातात आणि ओळख खांद्यांच्या उतारावर व मानेच्या जाडीवर येऊन पडते. बहुतेक नव्या आखण्या तिथेच कमी पडतात.

आणि शक्य असल्यास कातडीच्या आधी आवाजाचा विचार करायला सांगावे. १९५४ मध्ये संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी चामड्याच्या हातमोज्याला राळ लावून तो डबल बास या मोठ्या तंतुवाद्याच्या सैल केलेल्या तारांवर ओढवला आणि त्या ध्वनिमुद्रणाचा वेग कमी करून ती डरकाळी मिळवली. तो आवाज कोणत्याही प्राण्याचा नाही, आणि तो ज्या गळ्यातून येईल त्या गळ्याची रुंदी, छातीचा पिंजरा, जबडा किती उघडतो हे सगळे त्यावरून ठरवता येते. मी असते तर मुलांना तो आवाज अंधारात ऐकवून आधी केवळ मान आणि छाती काढायला सांगितली असती.