मेस्सीचे भक्त ढीगभर, मैदानात किती?

लेफ्टबॅक (धागाकर्ता)
राजेहो, थोडं कडू बोलतो. 18 डिसेंबर 2022 च्या रात्री अर्जेंटिना फुटबॉल वर्ल्डकपची फायनल पेनल्टीवर 4-2 नं जिंकली अन् आमच्या गल्लीत फटाके फुटले. त्याच गल्लीतल्या पोट्ट्यांना जिल्हा लीगची मॅच पाहायला चला म्हटलं, की "ऊन आहे ना भाऊ".

मी टर्फवर पोरांना शिकवतो. फ्री किक मिळाली रे मिळाली, की रोनाल्डोसारखे पाय फाकवून उभं राहायचं, शॉर्ट वर ओढायची, मोठा श्वास घ्यायचा. बॉल समोर उभ्या खेळाडूंच्या वॉलला लागून परत येतो, समोरचे उलट हल्ल्याला सुटतात, अन् हे साहेब तिथेच केस सावरत उभे. मागे धावायचं कोणी? रोनाल्डो 12 वर्षांचा असताना मदेरा बेट सोडून लिस्बनच्या अकादमीत गेला. तिथं पोरं त्याच्या बोलण्याच्या ढबीला हसायची. ते कोणाला उचलायचं नाही, पोझ तेवढी उचलायची.

माझं मत : असल्या कौतुकानं जिद्द वाढत नाही, मरते. "तो देवमाणूस आहे" म्हटलं की आपली सुटका.

रात्री साडेबाराची मॅच
साफ असहमत. फ्रान्सच्या एम्बापेच्या लहानपणच्या खोलीचा फोटो पाहिलाय? भिंतभर रोनाल्डो. म्हणजे तोही भक्तच. तुम्ही म्हणता त्याच फायनलला 80 व्या मिनिटापर्यंत फ्रान्स 2-0 नं मागे होता. दोन मिनिटांच्या आत यानं दोन गोल ठोकले, 118 व्या मिनिटाला तिसरा. फायनलमध्ये हॅटट्रिक करूनही हरला. गोल्डन बूट घेऊन वर्ल्डकपच्या बाजूनं गेला तेव्हाचा चेहरा आठवा, तो काय सुटका झालेल्या माणसाचा होता? 2024 ला तो रोनाल्डोच्याच जुन्या क्लबात, रिअल माद्रिदला गेला.
पोरांना पोझ घेऊ द्या. मागे धावायला शिकवायची फी तुम्हीच घेता ना?

कामठी रोड
तुम्ही दोघंही पोस्टरवरच भांडून राहिले भाऊ. एम्बापेचं घर पॅरिसजवळच्या बोंदीत, क्लब बाजूलेच, बाप तिथंच कोच. मंग क्लेअरफाँतेनची सरकारमान्य फुटबॉल अकादमी, मंग मोनॅको क्लब. पायरीवर पायरी. आपल्या इथं पोरगा सोळाचा झाला का पुढची पायरी कोनती, सांगा बरं? कामठीत रब्बानीसारखे क्लब हायेत, जिद्द पाहाची असन तर तिथं या. पन खेळाडू कोट्यात नोकरी लागन का नाही, हे घरी जेवताना रोज इचारते बाप. त्याले मेस्सी काय करन?

जुना स्टॉपर
कामठीवाल्या भाऊंशी अर्धा सहमत. पायऱ्या नसताना सुरू झालेलंही आपल्याच नागपुरात आहे. 2001 मध्ये विजय बारसे सरांना पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी पोरं दिसली, त्यातून झोपडपट्टीतल्या पोरांसाठीची स्लम सॉकर ही संस्था उभी राहिली. तेव्हा मेस्सी स्वतः बार्सिलोनाच्या अकादमीतला पोरगा होता. त्याला बघून कोणी बादली लाथाडत नव्हतं. खेळायची खाज आधी, हिरो नंतर.

मिडफिल्डरची आई
अख्ख्या धाग्यात पोट्टेच पोट्टे! माझ्या पोरीची हिरो भारताच्या महिला टीमची मनीषा कल्याण. 2021 ला ब्राझीलमध्ये जाऊन ब्राझीलविरुद्ध गोल मारला तिनं. आपण 6-1 नं हरलो, पण पोरगी तो एक गोल मागे-पुढे करून बघते, कधी पळायला सुरुवात केली, कोणत्या पायानं घेतला. मग पार्किंगमध्ये तेच. शेजाऱ्यांच्या गाडीचा आरसा गेला, भरून दिला. लेफ्टबॅक दादा, कौतुकानं जिद्द मरते म्हणता, तर एकदा आमच्या पार्किंगमध्ये या. फक्त तिच्या वयाच्या मुलींची टीम कुठे आहे तेही सांगा, सध्या मुलांतच खेळते.

लेफ्टबॅक (धागाकर्ता)
ताई, तुमची पोरगी हिरोचं काम बघते, बाकीचे हेअरकट बघतात. माझं भांडण दुसऱ्यांशी आहे. जून 2018 मध्ये भारताचा तेव्हाचा कॅप्टन सुनील छेत्रीला व्हिडिओत हात जोडावे लागले, की शिव्या द्या पण स्टेडियममध्ये या. कॅप्टननं हॅटट्रिक मारलेली मॅच पाहायला जेमतेम अडीच हजार माणसं होती! अन् मुंबईतल्या त्याच स्पर्धेत तो 64 आंतरराष्ट्रीय गोल करून मेस्सीच्या बरोबरीला आला. मेस्सीच्या बरोबरीचा माणूस मुंबईत खेळत होता अन् आपण यूट्यूबवर मेस्सी बघत होतो.

रात्री साडेबाराची मॅच
हे सोयीचं अर्धंच सांगितलं. त्या व्हिडिओनंतर केनियाविरुद्धची मॅच हाउसफुल्ल झाली. पाऊस पडत होता तरी. बोलावलं की लोक येतात.

कामठी रोड
मंग बोलवा ना! लीगचं टाइमटेबल कुठं लागते थे तरी टाका कोनी इथं. मले तर मॅच झाल्यावर दुसऱ्या दिवशी पेपरातच समजते.