शब्दचर्चा : वीण, खेप आणि रवण

प्रश्न : पुण्यातील आमच्या पक्षिमित्र गटासाठी मी चॅटम बेटांवरील काळ्या रॉबिनविषयी टिपण लिहीत आहे. ही बेटे न्यूझीलंडच्या पूर्वेला सुमारे ८०० किलोमीटरवर आहेत. एका वेळच्या अंड्यांना 'वीण' म्हणावे की 'अंड्यांचा संच'?

उत्तर : 'संच' नको, तो भांड्यांचा किंवा प्रश्नपत्रिकांचा शोभतो. 'वीण' हा शब्द 'विणीचा हंगाम' या रूपात पक्ष्यांसाठी रुळलेला आहे, परंतु त्यात जोडी जमण्यापासून पिल्ले उडेपर्यंतचे सारेच येते आणि या पक्ष्याच्या बाबतीत नेमकी तेथेच अडचण होते. १९८० मध्ये हे रॉबिन अवघे पाच उरले होते आणि त्यांत वंश वाढवू शकणारी मादी 'ओल्ड ब्लू' ही एकटीच होती. मादी बहुधा दोनच अंडी घालते, मात्र ती काढून घेतल्यास त्याच हंगामात पुन्हा घालते. म्हणून न्यूझीलंडचे पक्षिसंवर्धक डॉन मर्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची अंडी उचलून दुसऱ्या जातीच्या, पुढे टॉमटिट या लहान पक्ष्यांच्या, घरट्यांत ठेवली. येथे 'पहिली वीण काढून घेतली' असे लिहिल्यास वाचक गोंधळेल. 'पहिली खेप' लिहावे.

आणखी एक उत्तर : 'खेप' मान्य. आमच्या भोरकडच्या घरी कोंबडी 'रवणीला बसते', म्हणजे अंडी उबवायला बसते, तोही शब्द आपल्या टिपणात घ्यावा, कारण या रॉबिनमध्ये अंडे घालणे आणि रवणीला बसणे या गोष्टी वेगळ्या पडल्या होत्या. काही माद्या घरट्याच्या वाटीत न घालता काठावरच अंडे घालत, आणि असे अंडे उबवले जात नसे. संवर्धन करणारी मंडळी ते अलगद आत सरकवीत. पिल्ले जगली खरी, पण ही खोडही वंशात उतरत गेली आणि १९८९ पर्यंत निम्म्याहून अधिक माद्या काठावर अंडी घालू लागल्या. मदत थांबवल्यानंतर ते प्रमाण घटले. दुसरे असे की, अंडी मादी एकटीच उबवते व नर तिला भरवतो, त्यामुळे 'जोडी अंडी उबवते' हे आपल्या लेखांतले ठरावीक वाक्य येथे चालणार नाही. 'खुडूक' (अंडी घालणे थांबवून उबवायला बसू पाहणारी) हा शब्द मात्र कोंबडीपुरताच ठेवावा.